फणेरपेटी

आरशासमोर उभ्या राहिलेल्या स्त्रीची थट्टा करण्याची आपल्या समाजाची हौस फार जुनी आहे. कीर्तनकारांनी ती उत्तररंगात केली, नाटककारांनी पहिल्या अंकात केली, आणि आमचे वकीलबंधू ती बाररूममध्ये चहाच्या पेल्याबरोबर आजही करीत असतात. परंतु हीच मंडळी सोमवारी मंगेशीला किंवा रविवारी म्हार्दोळला गेली, आणि देवाचा अभिषेक होऊन पूजा बांधून व्हावयाची असली, तर हात जोडून तासभर शांतपणे उभी राहतात. सहाणेवर उगाळलेले गंध, जाईच्या माळा, मुखावर चढविलेला साज हे सारे पाहताना कोणाच्याही मनात नटवेपणाचा विचार येत नाही. देवाच्या मुखाचे प्रसाधन ही पूजा, आणि माणसाच्या मुखाचे प्रसाधन हा चाळा, असा हा न्याय आहे. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर एकाच पुराव्यावर दिलेले हे दोन परस्परविरुद्ध निकाल आहेत, आणि त्यांतील दुसऱ्यावर अपील करण्यास पुष्कळ जागा आहे.

आपल्या पूर्वजांचे मत असे नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरोगी माणसाने रोज काय करावे याचा विचार आला आहे, आणि तेथे दात घासणे व अंगाला तेल लावणे यांच्याच पंक्तीला डोळ्यांत अंजन घालणे बसविले आहे. ते स्त्रियांसाठी वेगळे सांगितलेले नाही. माणसासाठी सांगितले आहे. म्हणजे मुखाची निगा ही मुळात चैन नसून दिनचर्या होती. सौंदर्य हे त्या दिनचर्येचे व्याज होते. मुद्दल आरोग्य आणि टापटीप हे होते.

मला ही विद्या एका जुन्या फणेरपेटीतून मिळाली. शिसवी लाकडाची, झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा बसविलेली ती पेटी आमच्या फोंडे महालातील घरात माजघराच्या कोनाड्यात असे. आत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा, काजळाची पितळी डबी आणि एक मऊ धुवट फडके एवढाच सरंजाम असे. पेटीची किल्ली आईकडे होती. तिच्यातील विद्या मात्र आक्कामावशीकडे होती. ही माझ्या आईची थोरली बहीण. घरात कोणाचे लग्न असो, मुंज असो, की शाळेच्या संमेलनात एखाद्या पोरीला राधा व्हावयाचे असो, तिला पेटीसह आक्कामावशीपुढे बसविले जाई.

तिच्या शिकवणीचा पहिला धडा पाण्याचा होता. मळलेल्या चेहऱ्यावर चढविलेला रंग म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर मारलेला चुना, असे ती म्हणे. चेहरा साध्या पाण्याने धुवावा, फडक्याने पुसताना घासू नये, टिपून घ्यावा. मग बोटाच्या टोकाला लागेल एवढेच तेल किंवा लोणी दोन्ही तळहातांवर पसरून गालांवरून अलगद फिरवावे आणि ते मुरेपर्यंत दुसऱ्या कामाला लागावे. या वाट पाहण्याला ती फार महत्त्व देई. घाईने लावलेले काहीही टिकत नाही, हा तिचा सिद्धान्त मी पुढे कागदपत्रांच्या मसुद्यांनाही लावून पाहिला आणि तो खरा ठरला.

दुसरा धडा उजेडाचा. आरसा खिडकीसमोर ठेवावा, उजेड तोंडावर पडला पाहिजे. पाठीवर पडला तर चेहरा काळवंडलेला दिसतो आणि हात अधिक रंग लावून बसतो. दिव्याच्या उजेडात साधलेला चेहरा उन्हात पारखून घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये. तिसरा धडा काजळाचा, आणि तो तिने मला कोकणीतच दिला. ती म्हणाली, "बाये, काजळ दोळ्यांक घालपाचें, दोळ्यांत न्हय." काजळ डोळ्यांना घालावयाचे, डोळ्यांत नव्हे. आज नेत्रवैद्य हेच सांगतात. पापणीच्या आतल्या कडेवर बारीक तेलग्रंथींची तोंडे असतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंचा पदर लवकर वाळू देत नाही. काजळाने ती तोंडे बुजली म्हणजे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. म्हणून रेघ ओढावयाची ती केसांच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाने. नजर वर लावावी, खालची पापणी करंगळीने किंचित ताणून धरावी, आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून आत येत येत रेघ बारीक करीत न्यावी. नाकाच्या बाजूला ती संपल्याचे कळूही नये.

आमच्याकडे काजळ घरीच धरीत. एरंडेलाच्या निरांजनावर तांब्याची ताटली पालथी धरावयाची, रात्रभरात तिच्यावर साचलेली काजळी खरवडून साजूक तुपात खलावयाची, की काजळ तयार. ते लावण्याची कला मी त्या पेटीतून घेतली. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत ते घालण्याची चाल मात्र मी माझ्या घरी येऊ दिली नाही, कारण बालरोगतज्ज्ञ तिच्या विरुद्ध आहेत आणि त्यांची कारणे सबळ आहेत. बोटावरचा जंतू बाळाच्या डोळ्यात जाण्यास काजळाइतके सोपे वाहन दुसरे नाही. दृष्ट लागू नये म्हणून कानामागे तीट लावावी. तेवढ्याने आजीचेही समाधान होते आणि डॉक्टरांचेही.

कोर्टाच्या दिवशी माझ्या मुखप्रसाधनास दहा मिनिटे लागतात. आमचा पोशाख काळा आणि पांढरा. रंगाला मुभा असते ती एका चेहऱ्यावरच, म्हणून तेथे संयम अधिक लागतो. धुतलेल्या चेहऱ्यावर स्नेह मुरला, की गोव्याच्या उन्हासाठी ऊन अडविणारा लेप द्यावा लागतो. त्यावर पावडर. ती पफने चोळू नये, दाबावी. मग स्वच्छ फडक्याने उरलेली झटकून टाकावी, आणि मान व कान यांना विसरू नये, नाहीतर चेहरा एका बाईचा आणि मान दुसरीची दिसते. आमच्या दमट हवेत काजळ उतरते, म्हणून डोळ्याखाली पावडरीचा नुसता हात फिरवावा म्हणजे ते धरून राहते. उलट इंदूरला दिलेली माझी नणंद सांगते की तेथल्या कोरड्या थंडीत पावडर भुकटीसारखी सुटते; तेथे स्नेह अधिक आणि पावडर नाममात्र. देश बदलला की प्रसाधन बदलते. शेजारणीचे पाहून ते करता येत नाही. भुवया लहान कुंचल्याने केसांच्या कलाने विंचराव्या. ओठांना रंग लावावयाचा तर कांडी थेट न फिरवता बोटाने टिपून लावावा. तो लावल्यासारखा दिसत नाही, असल्यासारखा दिसतो. आणि रात्री, कितीही थकवा असला तरी, कापसाच्या बोळ्यावर थोडे तेल घेऊन काजळ हलक्या हाताने पुसून काढावे आणि मगच तोंड धुवावे. रात्री चेहऱ्याला विश्रांती देणे हा प्रसाधनाचाच अर्धा भाग आहे. आपली काजळाची कांडी दुसरीला देऊ नये, दुसरीची घेऊ नये. डोळे आले असतील तर ती टाकूनच द्यावी. पापण्यांच्या केसांना लावावयाचा मस्कारा तीन महिन्यांपलीकडे ठेवू नये. आणि हे सर्व करूनही कोणी "आज काय लावले आहे?" असे विचारले, तर थोडे अधिक झाले असे समजावे. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, एवढेच या शास्त्राचे सार आहे.

आता थोडे कायद्याविषयी. तो विषय माझ्या पोटापाण्याचा असल्यामुळे वाचकांनी क्षमा करावी. आपल्याकडील औषधांचा कायदा 1940 सालचा. त्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश 1962 च्या दुरुस्तीने झाला. अंगाला चोळावयाची, ओतावयाची, शिंपडावयाची किंवा लावावयाची कोणतीही वस्तू, जर ती स्वच्छतेसाठी, शोभेसाठी वा रूप पालटण्यासाठी असेल, तर ती प्रसाधन होय, अशी त्या कायद्याची ऐसपैस व्याख्या आहे. 2020 साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले. रंग देण्यासाठी शिशाची किंवा सोमलाची संयुगे वापरण्यास बंदी आहे, आणि जे रंग वापरावयाचे त्यांतही शिसे दशलक्ष भागांत 20 भागांहून आणि सोमल 2 भागांहून अधिक असता कामा नये. हे नियम कशासाठी, ते काजळाच्या इतिहासावरून कळते. पुष्कळ देशांत सुरम्यासाठी जे चमकदार काळे खनिज कुटीत आले ते गॅलेना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. शिसे अंगात साचत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूस बाधक होते. देवळाबाहेर मारुतीला चढवितात तो शेंदूरही परंपरेने शिशाचाच. तो देवाच्या अंगावर शोभतो, मुलाच्या बोटावर नव्हे.

कुंकवाचीही अशीच कथा आहे. खरे कुंकू हळदीचे. हळद क्षाराच्या संगतीने लाल होते, हे साबण लागलेल्या हळदीच्या डागावरून प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. टाकणखार किंवा चुना आणि लिंबाचा रस यांच्या साहाय्याने हळदीचे कुंकू करण्याची रीत त्यावरच आधारलेली. आज बाजारातील पुष्कळशी पिंजर कारखान्यातील रंगाची असते, आणि तिने कित्येकींच्या कपाळाला खाज सुटते. टिकलीने ती अडचण दूर झाली असे वाटले, तो तिच्या पाठीवरील डिंकाने नवी आणली. अशा चिकटद्रव्यांतील एका रसायनामुळे काहींच्या कपाळाचा रंगच उडून पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. माझ्या वहिनीच्या कपाळावर असा डाग पडला तेव्हा घरात प्रथम ग्रहदशेचा विचार झाला आणि डॉक्टरांचा त्यानंतर. तात्पर्य, डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर ती डबी कितीही स्वस्त असली तरी जत्रेतच राहू द्यावी. आणि नवी वस्तू चेहऱ्याला लावण्यापूर्वी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावी.

कायद्यालाही कधीकधी कोमल अंतःकरण असते. 2017 साली वस्तू व सेवा कर आला, त्यात काजळ, कुंकू, बिंदी, सिंदूर आणि अळिता यांना करमाफी मिळाली. मात्र काजळापुढे कंसात एक पुस्ती आहे: पेन्सिलीच्या कांडीतील काजळ वगळून. म्हणजे बोटाने लावाल ते काजळ करमुक्त, कांडीने लावाल ते करपात्र! आक्कामावशीला मी हे सांगितले तेव्हा ती पोट धरून हसली, आणि सरकारात कोणीतरी शहाणी बाई असली पाहिजे असे म्हणाली.

येथपर्यंत मी आक्कामावशीच्या हाताविषयी लिहिले. तिच्या चेहऱ्याविषयी लिहिले नाही. लिहिण्यासारखे तेथे काही नसे. ती बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली आणि आमच्या घरी आली. मला कळू लागले तेव्हापासून तिचे कपाळ मी मोकळेच पाहिले. जी विद्या तिच्याइतकी कोणालाही अवगत नव्हती, तिचा उपयोग तिला स्वतःसाठी करता येत नव्हता. लग्नाच्या दिवशी नवरीचा चेहरा ती आतल्या खोलीत सजवी; मळवट भरण्याची वेळ आली की मात्र करंडा दुसऱ्या कोणा सुवासिनीच्या हाती देऊन स्वतः मागल्या दाराने परसात निघून जाई. बाहेर चौघडा वाजे, नवरीच्या रूपाची वाखाणणी होई, आणि ते रूप ज्या हातांनी घडविले ते हात विहिरीवर भांडी विसळीत असत. तिला कोणी जा म्हणत नसे. तेवढे म्हणण्याचीही कोणाला गरज पडत नसे.

मी वकिली करू लागल्यावर हे चित्र मला पुन्हा पुन्हा दिसू लागले. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा आम्ही अद्याप सांभाळून आहोत, आणि वारसाहक्काचा 2012 सालचा जो नवा कायदा आहे त्यानेही तो पुढे चालविला. लग्नापूर्वी निराळा करार झालेला नसला, तर पतिपत्नींची मालमत्ता एकत्र समजली जाते. पती वारला की अर्धा भाग पत्नीचा. आणि तो वारसा म्हणून नव्हे, आधीपासूनच तिचा स्वतःचा म्हणून. मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचे जे काम न्यायालयात चालते, त्यात मालमत्तेचा कारभार पाहण्याचा पहिला मानही सामान्यतः हयात जोडीदाराचाच असतो. अशा कितीतरी बायका माझ्या टेबलासमोर बसल्या आहेत. घर, कुळागर, बँकेतील ठेव यांच्या अर्ध्या हिश्शाच्या त्या मालकीण. सही करावयास वाकतात तेव्हा पुसलेले कपाळ अगदी माझ्यासमोर येते. कायद्याने त्यांना अर्धे कुळागर दिले; बोटाच्या पेराएवढे कपाळ मात्र समाजाच्या ताब्यात राहिले. त्या जागेची नोंद कोणत्याही यादीत नसते, म्हणून तिच्यावर हक्क सांगणारा अर्जही कोणी करीत नाही.

हे बदलू शकते याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत, हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी ठराव केला की नवऱ्याच्या मृत्यूनंतर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे ही प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने हा कित्ता इतर गावांनी गिरवावा असे परिपत्रक काढले. ठरावाने मन बदलत नाही, असे म्हणणारे म्हणतील. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला तेव्हाही असेच म्हटले गेले होते. मन बदलण्यास वेळ लागतो हे खरे. पण ज्याचे मन आधीच बदलले आहे त्याला उभे राहण्यास जागा लागते, आणि ती जागा ठराव देतो.

गेल्या संक्रांतीनंतर आमच्या घरी हळदीकुंकू होते. बोलावणे करताना मी ओळखीच्या सर्व बायकांना बोलाविले, त्यांत विधवाही आल्या. दोघी आल्या नाहीत. एकीने निरोप पाठविला की देवळात लोक काय म्हणतील. ज्या आल्या त्यांपैकी काहींनी कुंकू लावून घेतले, काहींनी हळद तेवढी चालेल म्हटले, आणि एकीने वाण घेऊन, डोळे पुसून, मुकाट्याने घर गाठले. मला कोणाचेच चुकले असे वाटले नाही. चाळीस वर्षे बंद असलेले दार लोटले की लगेच सगळ्यांनी बाहेर धाव घ्यावी, ही अपेक्षा दार उघडणाऱ्याची असते. आतल्याचे डोळे उजेडाला सरावावे लागतात.

आक्कामावशी आता ऐंशीची आहे. तिच्यासमोर मी करंडा धरला तेव्हा तिने माझे मनगट धरून हात बाजूला केला. "मला आता त्याची सवय राहिली नाही ग," ती म्हणाली, "आणि मला त्याचे दुःखही राहिलेले नाही. तुझ्या समाधानासाठी लावून घेऊ का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो प्रश्न न्याय्य होता. ज्या कपाळावर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे इतरांची इच्छा चालली, तेथे आता माझी चालावी हा काही न्याय नव्हे. मी करंडा ठेवून दिला. थोड्या वेळाने तिनेच फणेरपेटीकडे बोट दाखविले. "काजळ घरचे आहे?" मी होय म्हटले. "मग ते घाल. डोळे अजून माझे आहेत."

माझा हात थोडा कापत होता. तिने नजर वर लावली, आणि मी बाहेरच्या कोपऱ्यापासून रेघ आत आणू लागले. तिने एकदा माझा कोपर सावरला. "थोडे बारीक," एवढेच म्हणाली. तिच्या थकलेल्या पापण्यांवर ती रेघ फार सरळ आली नाही. पण आरशात तिने ती बराच वेळ पाहिली, आणि मग बाहेर जाऊन बायकांत बसली. परसात गेली नाही.

प्रसाधनाला क्षुल्लक समजणाऱ्या विद्वानांना माझे एवढेच सांगणे आहे. जी गोष्ट हिरावून घेण्याने माणसाला शिक्षा होऊ शकते, ती गोष्ट क्षुल्लक असू शकत नाही. कुंकू लावावे की नाही, काजळ घालावे की नाही, पावडर किती आणि रंग कोणता, हे ठरविण्याचा अधिकार ज्या चेहऱ्यावर ते लावावयाचे त्याच्या धनिणीचा आहे. लावील तिने स्वच्छ हातांनी, चांगल्या उजेडात, शुद्ध वस्तू घेऊन, बेताने लावावे. न लावील तिला कोणी कारण विचारू नये. येत्या रथसप्तमीपर्यंत आपापल्या घरी आणि देवळाच्या सभामंडपात हळदीकुंकवाची बोलावणी निघतील. यादी करताना एखादे नाव आपण सवयीने गाळतो आहो काय, एवढे या पत्राच्या वाचकांनी एकदा पाहावे. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. पण ज्या हाती कांकण राहू दिले नाही, त्या हाताला आरसा देणे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे.